सड्यावर चराईबंदीचा बोर्ड लागलाय. जागा वनखात्याची का गायरान, आणि म्हशी न्यायच्या कुठं?

शिवारातला

मंडळी नमस्कार. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेला घाटमाथ्याजवळ आमचं गाव. तालुका लिहीत नाही, उगं कुणाच्या नोकरीवर यायला नको. घरात चार म्हशी, दोन रेडकं. दूध संस्थेत जातंय, त्याच्यावरच घर चालतंय म्हणा.

गावाच्या वर सडा आहे, म्हणजे सपाट कातळाचं पठार. सगळा जांभा. पावसाळ्यात हिरवागार, दिवाळी सरली की कुसळी गवत वाळून पिवळंधमक. आमची आणि वरच्या धनगरवाड्याची जनावरं आज्या-पणज्यापासनं तिथंच चरतात. यंदा उन्हाळ्यात जेसीबी आला, सडाभर चर मारले. पाऊस लागल्यावर रोपं आली, भोवतीनं तारेचं कुंपण झालं आणि वाटेवर बोर्ड: ‘चराईबंदी, कुऱ्हाडबंदी’. जनावरं जिथं पाणी प्यायची तो झरा पण कुंपणाच्या आत गेलाय.

परवा वनरक्षक सांगून गेला, आता जनावर आत दिसलं तर कोंडवाड्यात घालणार. शेजारच्या आबांकडनं त्यानं दंड म्हणून पैसे पण घेतले, पावती दिली नाही. सरपंच म्हणतात आम्ही ठराव दिलेलाच नाही. तलाठी म्हणतात वनखात्याला विचारा. वनखातं म्हणतंय जागा आमची, मंजुरी वरनं आहे. हे ‘वरनं’ म्हणजे नक्की कुठनं? आणि चराईचा काही हक्क असतो का कायद्यात, का आमचं सगळं नुसतं वहिवाटीचंच होतं? ऊस आहे त्याला वाडं तरी मिळतं, आमच्याकडं भाताचं पिंजर तेवढं. विकतची वैरण घालून दूध परवडत नाही.

तांबडा_पांढरा

भावा, गाव गोळा करा, रात्रीत तार काढा. बघू कोण काय करतंय.

खाकी_उतरवलेला

वरच्याचं ऐकू नका. तार तोडली की विषय चराईचा राहत नाही, सरकारी मालमत्तेच्या नुकसानीचा होतो, आणि मग तुमच्या बाजूनं बोलायला सरपंच सुद्धा येणार नाही. असले पंचनामे मी स्वतः लिहिलेत.

मी वनरक्षक म्हणून लागलो, वनपाल होऊन उतरलो. चराईबंदीचे बोर्ड माझ्याही हातनं रोवलेत. तेव्हा खात्याची बाजू पण सांगणार, राग मानू नका.

पहिलं काम, जागा कुणाची ते कागदावर बघा. तलाठ्याकडं नुसता सातबारा मागून थांबू नका, गाव नमुना एक-अ बघायला मागा. गावातल्या वनजमिनीची नोंद त्यात असते. सातबाऱ्यावर ‘गायरान’ किंवा ‘गुरचरण’ असलं तर जमीन महसूल खात्याची, देखरेख ग्रामपंचायतीची. ‘राखीव वन’, ‘वन विभाग’ असलं तर वनखात्याची. दोन्हीकडं सरकारच, पण चुली वेगळ्या. तहसीलदाराला वनात चराई देता येत नाही, रेंजरला गायरानात कोंडवाडा दाखवता येत नाही. गावाला हे माहीत नसतं म्हणून दोन्ही कचेऱ्या एकमेकांकडं बोट दाखवत बसतात, आणि त्यात त्यांची सोय पण असते. तिसरी भानगड खाजगी वनाची. १९७५ च्या कायद्यानं ३० ऑगस्ट १९७५ ला खाजगी वनं शासनाकडं गेली, पण सातबाऱ्याला जुनी नावं तशीच आणि इतर हक्कात शेरा, असं बऱ्याच ठिकाणी आहे. तसं निघालं तर वकील गाठा, इथं लिहून ते निभणार नाही.

समजा वन निघालं. मग विचारा, राखीव का संरक्षित? आपला मूळ वन कायदा १९२७ चा. राखीव वनात परवानगीशिवाय जनावर घालणं हाच कलम २६ खाली गुन्हा, तिथं वहिवाट सांगून भागत नाही. संरक्षित वनाचं तसं नाही. तिथला एखादा तुकडा बंद करायचा तर सरकारला कलम ३० खाली अधिसूचना काढावी लागते. बंदी जास्तीत जास्त ३० वर्षांची, आणि अट अशी की ज्यांचे हक्क आहेत त्यांना उरलेलं वन पुरेसं आणि सोयीचं असलं पाहिजे. ही अट तोंडपाठ असलेला साहेब मला नोकरीत क्वचित भेटला.

कोंडवाड्याची धमकी पोकळ नाही. राखीव वनात किंवा बंद केलेल्या संरक्षित वनात शिरलेलं जनावर कलम ७० प्रमाणं धरता येतं, त्याला गुरांच्या अतिक्रमणाचा १८७१ चा कायदा लागतो. व्हय, १८७१, तो अजून चालतोय. पण तुमच्या आबांकडनं बिनपावतीचे पैसे घेतले ते बेकायदेशीर. गुन्ह्याची तडजोड करून रक्कम घ्यायचा अधिकार रेंजरच्या खाली कुणाला नाही. वनरक्षकानं गुन्हा नोंदवायचा, पैसे घ्यायचे नाहीत. आबांना सांगा, भांडू नका, रेंज ऑफिसात जाऊन शांतपणे विचारा की माझी पावती कुठं हाय. बाकीचं आपोआप हलतं.

आता तुमचं ‘वरनं’. वनरक्षकाच्या मनात आलं म्हणून जेसीबी येत नाही. खाली वनरक्षक, त्याचं नियतक्षेत्र म्हणजे बीट. त्यावर वनपालाचं परिमंडळ, मग रेंजरचं परिक्षेत्र, त्यावर सहायक वनसंरक्षक, उपवनसंरक्षक, आणि सगळ्यांवर कोल्हापूर वृत्ताचे मुख्य वनसंरक्षक. आणि ही सगळी साखळी ज्या पुस्तकावर चालते ती कार्य आयोजना, ज्याला आम्ही वर्किंग प्लॅन म्हणायचो. साधारण दहा वर्षांची असते, केंद्राच्या मंजुरीनं होते. १९७६ च्या घटनादुरुस्तीनं वन हा विषय केंद्र-राज्य दोघांच्या यादीत गेला, १९८० ला वन संवर्धन कायदा आला, तेव्हापासनं दिल्लीच्या शिक्क्याशिवाय मोठं काही होत नाही. त्या आयोजनेत कक्षवार, म्हणजे वनाच्या नंबर दिलेल्या एकेका तुकड्याचं, लिहिलेलं असतं: इथं तोड, इथं रोपवन, इथं नुसती राखण. तुमचा सडा कुठल्यातरी कक्षात ‘रिकामी जागा, रोपवनास योग्य’ म्हणून आधीच बसलेला असणार. मग कॅम्पाचा (दुसरीकडं गेलेल्या वनाच्या भरपाईचा) नाहीतर जिल्हा योजनेचा निधी आला, उद्दिष्ट आलं, आणि मार्चच्या आत चर मारून मोकळे झाले. निधी मार्चला परत जातो, सडा कुठं जात नाही, म्हणून घाई.

म्हणजे निकाल लागला दहा वर्षांमागं, तुम्हाला कळला बोर्ड लागल्यावर. गावानं बोलायची खरी वेळ आयोजना तयार होताना असते. माझ्या नोकरीत मी त्या वेळी कक्षांचे फॉर्म भरले. झाडं किती, खोडवा किती, माती कसली, उतार किती. जनावरांसाठी एकच रकाना होता, त्यात आम्ही ‘चराई: जास्त’ एवढं लिहून पुढं जायचो. कुणाची जनावरं, किती, कुठल्या महिन्यात, पाणी कुठं पितात, हे ना कुणी विचारलं ना लिहिलं.

तुमच्या हातात आता काय? बोर्डाचा फोटो काढून इथं टाका. कक्ष क्रमांक, हेक्टर, वर्ष, योजनेचं नाव असतं त्यावर. मग माहिती अधिकारात रोपवन नोंदवहीची नक्कल मागा. कुठली रोपं, किती लावली, किती जगली, आणि क्षेत्र किती वर्षं बंद ठेवायचं ते त्यात येतं. सहसा काही वर्षांनी रोपं जनावराच्या तोंडावर गेली की क्षेत्र मोकळं करायचं असतं. पण मोकळं करायचं पत्र कुणी काढत नाही, मग बोर्ड गंजून पडेस्तोवर बंदी चालू. तारीख लेखी असली की मागणी करता येते.

रानहळद

वनपाल काका, एक मुद्दा जोडते. मी वनस्पतिशास्त्र शिकवते, पावसाळ्यात मुलांना घेऊन सड्यांवर असते.

सडा ही ‘रिकामी जागा’ नाही. जांभ्यावर माती बोट-दोन बोटं. तिथं पावसाचे चार महिने कंदीलपुष्पं, दवबिंदू, सीतेची आसवं, कितीतरी जातींची गवतं येतात आणि ऊन तापलं की गडप होतात. झाड तिथं निसर्गानंच लावलेलं नाही. चर मारला की तो पातळ मातीचा थर उलटा होतो, पाणी दुसरीकडं वळतं, आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ नाहीतर गिरीपुष्प तेवढं तगतं. साताऱ्याच्या कास पठारावर जाळी घालून जनावरं बंद केली होती. मग गवतच माजलं, फुलं मागं पडली अशी ओरड झाली आणि जाळी काढावी लागली. चराई बेताची असेल तर सड्याला ती चालते. अति झाली की रानमोडी आणि घाणेरी घुसते, हे मात्र खरं. त्यामुळं धनगरवाडा आणि गाव दोघांनी मिळून संख्या ठरवणं टळणार नाही.

आणि वणवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत पेटवलं की नवं लुसलुशीत येतं असं सांगतात, त्यात जळतं काय ते कुणी बघत नाही. हे थांबवलं तर वनखात्याशी बोलताना तुमची बाजू एकदम जड होईल.

खाकी_उतरवलेला

बाई, तुमचं बरोबर, पण खात्यात सड्याच्या फुलांसाठी निधीचं शीर्ष नाही, रोपांसाठी आहे. २०१९ ला एका पावसाळ्यात राज्यात ३३ कोटी झाडं लावायचं फर्मान होतं. खड्डे खणायला रिकामी जागा पाहिजे, आणि घाटात रिकामी दिसते ती सड्याचीच. मोजणीचे साहेब यायच्या आधी मेलेल्या रोपांच्या खड्ड्यात नांग्या भरायच्या, म्हणजे नवी रोपं लावायची, एवढं आमचं शास्त्र.

गावठाण

आमच्यात उलटा प्रकार. जागा सरळ गायरान. आधी सामाजिक वनीकरणानं ग्रामपंचायतीचा ठराव घेऊन झाडं लावली, आता तिथंच सौर प्रकल्पाची मोजणी झाली. सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०११ चा गायरानाचा निकाल आहे, त्यानंतर राज्यानं जुलै २०११ ला अतिक्रमणाचा जीआर काढला. गावातल्या गरिबाची झोपडी काढायला सगळे तोच निकाल दाखवतात. सरकारनंच गायरान दुसऱ्या कामाला दिलं तर मात्र निकाल कपाटात. असो, विषय भरकटला.

थंडीतला_करवीरकर

मी मूळचा करवीर तालुक्यातला, सध्या कॅनडात ब्रिटिश कोलंबियात, कॅम्लूप्सला असतो. इथं आजूबाजूला सगळं गवताळ रान आणि गुरं, म्हणून हा धागा वाचून राहवलं नाही.

इथं प्रांतातली नव्वद टक्क्यांहून जास्त जमीन सरकारी, तिला क्राउन लँड म्हणतात. जंगल आणि चराई दोन्ही वन मंत्रालयाकडंच. काही वर्षं तर मंत्रालयाचं नावच ‘वने आणि चराई’ असं होतं. लाकडाचं असं की वर्षाला जास्तीत जास्त किती तोडायचं ते चीफ फॉरेस्टर हा एक अधिकारी ठरवतो, आणि तो आकडा किमान दहा वर्षांतून एकदा नव्यानं ठरवावाच लागतो. चराईला वेगळा कायदा आहे. पशुपालकाला लायसन किंवा परमिट मिळतं, आणि ते मोजतात जनावर-महिन्यात: एका मोठ्या जनावराला महिनाभर लागणारा चारा हे माप. तुमच्या वाट्याला इतके जनावर-महिने, त्याची एवढी फी. मग आराखडा द्यायचा, कुठल्या रानात किती गुरं, कुठल्या तारखेला आत, कुठल्या तारखेला बाहेर. वसंतात गवत पुरेसं वाढलंय का ते बघूनच गुरं सोडायची. झरा-ओढ्याच्या काठाला गुरांनी चिखल करू नये याची पण तजवीज लिहायला लागते.

वनपाल काका म्हणाले ना, ‘चराई: जास्त’ एवढाच रकाना? इथं त्या रकान्याचा अख्खा दस्तऐवज आहे, हा फरक मला जाणवला.

पण इथलं सगळं गोड समजू नका. लायसनवाले म्हणजे शेकडो गुरांचे मालक, चार म्हशींचा माणूस या पद्धतीत बसणारच नाही. आणि ज्या मूळ रहिवाशांची ही जमीन, त्यांना विचारण्याआधीच ही सगळी वाटणी झालेली. त्सिल्कोतिन लोकांचा जमिनीवरचा मूळ हक्क कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं मान्य केला तो २०१४ ला, तसा निकाल देशात पहिलाच.

शिवारातला

सगळ्यांचे आभार. तलाठी अण्णांनी नमुना एक-अ दाखवला. सड्याचा मोठा भाग राखीव वन आहे, खालचा पट्टा गायरान. झरा नेमका हद्दीवर. हद्दीचा दगडी बुरूज अर्धा ढासळलाय, आणि मला वाटतंय कुंपण बुरुजाच्या अलीकडं आमच्या बाजूला आलंय. शेजारच्या गावचा एकजण म्हणतो वनहक्क कायद्यात दावा टाका, दुसरा म्हणतो तो फक्त आदिवासींना असतो. खरं काय?

खाकी_उतरवलेला

बुरूज सापडला हे बेस झालं. गायरानाचा पट्टा आणि झरा, याची संयुक्त मोजणी मागा. वनखातं आणि भूमी अभिलेख दोघांची माणसं एका दिवशी हजर पाहिजेत, नाहीतर एकाची मोजणी दुसरा मानत नाही. अर्ज ग्रामपंचायतीच्या लेटरहेडवर द्या. कुंपण गायरानात आलं असलं तर ते मागं घ्यायला लागतं, त्यात कुणाची मेहरबानी नाही.

वनहक्क कायदा २००६ चा. तो फक्त आदिवासींचा नाही, ‘इतर पारंपरिक वननिवासी’ पण त्यात आहेत. त्यांची अट कडक: १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षं त्या वनावर अवलंबून असल्याचा पुरावा. पण चराईचा हक्क कायद्यात सरळ शब्दांत लिहिलाय, गावात राहणाऱ्याचा आणि फिरत्या पशुपालकाचा, दोघांचा. आणि हा हक्क सामूहिक मागता येतो, एकेकट्यानं सातबारा नाचवायची गरज नाही. ग्रामसभेनं वनहक्क समिती निवडायची, दावा तिच्याकडं. ग्रामसभेचा ठराव होऊन तो प्रांतांच्या उपविभागीय समितीकडं जातो, शेवट कलेक्टरांच्या जिल्हा समितीत. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला २००९ ला असाच सामूहिक हक्क मिळाला, अठराशे हेक्टरच्या वर. तिकडचं रान वेगळं, माणसं वेगळी, आपल्याकडं तेवढं सोपं जाणार नाही. पण वाट तीच.

पुरावा कुठला? नियमात जाणत्या माणसांचे जबाब चालतात, जुनी विहीर, देवाचं ठिकाण, मसणवटा असल्या खुणा चालतात. सड्यावर धनगरांचा देव असला तर त्याचा फोटो आधी काढा. कागदाचं म्हणाल तर आपल्याकडं १ मार्च १९४९ पर्यंत कोल्हापूर संस्थान होतं. त्या काळातलं चराईचं, कुरणाचं काही असलं तर कोल्हापूरच्या पुराभिलेख कार्यालयात शोधायला लागेल, आणि बरंचसं मोडीत. मोडी वाचणारा माणूस आधी धरा, मग तिकडं जावा. १९२७ च्या कायद्यात सुद्धा वन राखीव करताना जमाबंदी अधिकाऱ्यानं चराईचे दावे ऐकून कुणाची किती जनावरं, कुठल्या हंगामात, हे लिहून ठेवायचं असं आहे. करवीरकर भाऊ कॅनडाचं कौतुक सांगतात ते ठीक, पण हे आपल्याच कायद्यात शंभर वर्षांमागं छापलेलं होतं. तुमच्या सड्याचं तसलं टिपण निघालं तर अर्धं काम झालं.

दाव्याला वेळ लागणार, म्हशी तोवर थांबणार नाहीत. म्हणून रेंजरसाहेबांकडं दुसरा अर्ज: झऱ्यापर्यंत जनावरांना एक वाट मोकळी ठेवा, आणि दिवाळीनंतर रोपवनातलं गवत गावाला विळ्यानं कापून न्यायला द्या. गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती असली तर तिच्यामार्फत मागा. तिचा अध्यक्ष गावचा असतो, सचिव आमच्या खात्याचा. गवत कापून न्यायला साहेब लोक सहसा नाही म्हणत नाहीत, वाळलं गवत आत राहिलं की वणव्याची धास्ती त्यांनाच असते. रानहळद बाईंनी सांगितलेली वणव्याची हमी त्याच अर्जात घाला, जाळरेषा, म्हणजे वणवा अडवायचा मोकळा पट्टा, काढायला गावची पोरं येतील असं लिहा.

शिवारातला

धनगरवाड्याचे लोक ग्रामसभेला येत नाहीत, त्यांची वाडी लांब पडते. त्यांच्याशिवाय ठराव चालेल का?

खाकी_उतरवलेला

चालणार नाही, आणि चालला तरी करू नका. सड्यावर बारमाही जनावरं त्यांचीच, जुना पुरावा पण त्यांच्याकडंच निघणार. ग्रामसभा वाडीवर घ्या, नोटीस आधी पोचवा. घरटी जनावरांची यादी करा: म्हैस, गाय, शेळी वेगवेगळी, कुठल्या महिन्यात कुठं. आकडा फुगवू नका. मोजायला माणूस आला आणि गोठ्यात निम्मीच निघाली तर दावा तिथंच बसला. ठराव झाला की ग्रामसेवकाकडनं सही-शिक्क्याची प्रत त्याच दिवशी घ्या. पुढच्या आठवड्यात देतो म्हणाले तर जागचं हलू नका.